जड स्टिअरिंग आणि अण्णांचं माप

माझ्या सुनेला रस्त्यावर ओळखायला तिचा चेहरा दिसावा लागत नाही. कोपऱ्यावर एखादी बुटकी, फिक्या निळ्या रंगाची जुनी गाडी वळत असावी, आत एक बाई सीटवरून अर्धी उठलेली असावी आणि विहिरीचा रहाट ओढावा तसं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत असावी, की समजावं ही आमचीच. वळण पार पडलं की ती धपकन खाली बसते, एक सुस्कारा टाकते आणि पुढच्या वळणाची काळजी करायला लागते.

तिचं कामच वळणावळणाचं. ती घरोघर फिरणारी परिचारिका आहे. ज्यांना दवाखान्यापर्यंत येणं जमत नाही त्यांच्या जखमा बांधायच्या, सुया टोचायच्या, साखर तपासायची, रक्तदाब मोजायचा. दिवसाला दहा-अकरा घरं. अशी तेवीस वर्षं झाली. घरी येते तेव्हा पायातले बूट काढायच्या आधीच खुर्चीत तिचा डोळा लागलेला असतो. मी चाळीस वर्षं बूट दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यामुळे बूट घालून झोपलेलं माणूस बघवत नाही मला. मीच नाड्या सोडतो. सुरुवातीला ती दचकून म्हणायची, "अहो बाबा, हे काय!" आता नुसता पाय पुढे करते.

गाडी तिच्या वडिलांची. ते म्हणजे आमचे व्याही, अण्णा. आयुष्यभर बस चालवली त्यांनी. माणूस लाखमोलाचा, फक्त कुठलीही गोष्ट थोडी फुगवून सांगायचा. एकदा त्यांच्या बसची पुढची काच फुटली आणि तशाच उघड्या बसमधून त्यांनी सगळे प्रवासी मुक्कामी पोचवले, हा त्यांचा आवडता किस्सा. सोयरीक ठरवायला आले तेव्हा ते अंतर चाळीस किलोमीटर होतं. नातू झाला तेव्हा ऐंशी झालं. निवृत्तीनंतर दोनशेच्या घरात गेलं. मी विचारलं, "व्याहीबुवा, रस्ता लांबतोय का हो?" तर म्हणाले, "रस्ता तेवढाच आहे, वारा वाढलाय."

हसू नका, मीही त्यातलाच. त्यांचं आणि माझं पटायचं ते त्यामुळेच. एक बोलत असला की दुसरा पुढच्या गोष्टीची जुळवाजुळव करायचा.

अण्णांनी मुलीला गाडी शिकवताना दोन नियम घालून दिले. पहिला, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं नाही; गाडी आधी मुंगीइतकी तरी सरकू द्यायची, मग वळवायची, म्हणजे हाताला भार कमी. दुसरा, टायरमधली हवा परक्या हातानं भरून घ्यायची नाही. हवेच्या दुकानातले लोक गप्पा मारत भरतात, आणि त्यांच्या काट्याचा भरवसा नाही. म्हणून अण्णांकडे स्वतःचं माप होतं. पेनाएवढी पितळी नळी. टायरच्या तोंडाशी दाबली की शेपटाकडून पांढरी पट्टी बाहेर यायची आणि तिच्यावर आकडा दिसायचा. आकडा तीस हवा. कमी असला तर पायपंप मारायचा, जास्त असला तर सोडायची. त्या नळीला चामड्याचं म्यान मीच शिवून दिलं होतं, दुहेरी टाक्याचं. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, टाका अजून उसवलेला नाही.

दर रविवारी सकाळी चहा झाला की सूनबाई म्यानातून नळी काढणार, चारी चाकांची हवा मोजणार आणि नळी परत म्यानात घालणार. मी पायरीवर बसून बघायचो. देवाचं नाव घेताना माणूस जसा दिसतो तशी ती त्या वेळी दिसायची. मधे बोललेलं चालायचं नाही असं नव्हे, मी बोलायचोच.

गेल्या दीड-दोन वर्षांत ते स्टिअरिंग जड होत गेलं. एकदम नाही, हळूहळू. म्हातारपण येतं तसं. आधी तिनं थट्टा केली, "बाबा, गाडी माझ्याशी कुस्ती खेळते." मग थट्टा बंद झाली. उजवा खांदा दुखायला लागला. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती मला हाक मारायला लागली, केस विंचरताना डाव्या हातानं उजव्या कोपराला टेकू द्यायला लागली. आमची ही रोज संध्याकाळी कोमट तेलानं तिचा खांदा चोळायची आणि चोळता चोळता गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

माझा मुलगा छापखान्यात आहे. यंत्रांमध्ये दिवस काढतो म्हणून त्याला वाटतं आपल्याला सगळ्याच यंत्रांतलं कळतं. त्यानं स्टिअरिंगला जाडजूड रबरी वेष्टन आणून चढवलं. "आता बघ, लोण्यासारखं फिरेल."

संध्याकाळी ती घरी आली तसं त्यानं विचारलं, "काय, फिरलं का लोणी?"

"आधी नुसतं जड होतं," ती म्हणाली, "आता जड आणि जाड आहे."

मग गाडी मिस्त्रीकडे गेली. आमच्या मिस्त्रीला सगळे मुका म्हणतात, कारण तो एकदा बोलायला लागला की समोरचा मुका होतो. त्यानं गाडीखाली पाठीवर पडून सगळं तपासलं, एक सांधा बदलला, जिथे जिथे ग्रीस जातं तिथे तिथे भरलं. दोन दिवस बरं वाटल्यासारखं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न. "ताई," तो म्हणाला, "गाडीचं वय झालं. माणसाचे गुडघे धरतात तसे हिचेही धरले. आता हिच्या कलानं घ्यायचं."

त्यानं गाडीचं सगळं बघितलं, फक्त हवा बघितली नाही. त्यालाही कारण होतं. अण्णा असताना त्यानं एकदा न विचारता हवा भरली होती. अण्णांनी ती समोर उभं राहून सोडायला लावली, परत भरायला लावली आणि वर तासभर उपदेश केला. आयुष्यात एकदाच मुक्याला दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून या गाडीच्या हवेला तो हात लावत नसे. ताईंकडे अण्णांचं माप आहे, ताई दर रविवारी बघतात, विषय संपला.

अशात तिच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या मोठ्या बाई काही वाईट नाहीत. त्यांनी सूनबाईचा हात बघितला आणि म्हणाल्या, "फेऱ्या सोडा आता. कोठीत बसा. पट्ट्या, औषधं द्यायची, नोंद करायची, बस." हातात एक फॉर्म दिला. सही करून त्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत द्यायचा. एकदा दिला की परत फेऱ्या नाहीत.

"मग चांगलंच झालं की," मुलगा म्हणाला. "बसून काम."

ती खुर्चीत जाऊन बसली. नंतर मी नाड्या सोडत होतो तेव्हा म्हणाली, "बाबा, तिथे माणूस नाही हो एकही. नुसती खोकी."

तिच्या मनात चढावरची आजी होती, हे मला ठाऊक होतं. शहराच्या टोकाला एक चढाचा बोळ आहे, पुढे बंद. त्याच्या शेवटच्या घरात ही आजी एकटी राहते. पायाला जखम, दोन वर्षं चिघळत होती, आता कुठे चार बोटांवरून एका बोटावर आली होती. आजी दुसऱ्या कोणाला पट्टीला हात लावू देत नाही. एकदा बदलीवर दुसरी परिचारिका गेली तर आजीनं दारच उघडलं नाही, खिडकीतून म्हणाली, "पाय गेलाय कामाला." आणि नेमका तोच बोळ या गाडीचा काळ होता. आत शिरलं की वळायला जागा नाही. पुढे, मागे, पुढे, मागे, प्रत्येक वेळी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथून खाली आली की पाच मिनिटं गाडी बाजूला लावून ती हात मांडीवर ठेवून बसायची. हे मला तिनं सांगितलं नाही, तिथल्या वाण्यानं सांगितलं.

महिना संपायला आठवडा राहिला होता. बुधवारी ती अर्ध्या दिवसानं घरी आली, गाडी भिंतीला लावली आणि खुर्चीत झोपली. स्टिअरिंग सरळ करण्याचं त्राण नव्हतं, त्यामुळे पुढची चाकं वाकडीच राहिली होती, तळवे दाखवत. मी पायरीवर चहा घेत होतो. समोर टायरचा तळवा.

आता चाळीस वर्षं ज्यानं तळवेच वाचले त्याला दुसरं काय दिसणार? माणूस दुकानात शिरायच्या आधी त्याचा बूट मला सांगायचा की हा टाच घासत चालतो, हा ओझं एका खांद्यावर वाहतो. एक गृहस्थ यायचे, त्यांचा डावाच बूट झिजायचा. मी म्हटलं, तुम्ही शिवणयंत्र चालवता का? तर म्हणे नाही, बायको डाव्या बाजूला चालते, तिच्यापासून लांब पळायच्या तयारीत असतो. असो. तर त्या टायरच्या दोन्ही कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि मधल्या खाचा मात्र कोऱ्यासारख्या. बुटाचा तळवा असा झिजला तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, मधला आधार बसलाय, भार कडांवर येतोय. टायरला मधला आधार कशाचा? हवेचा.

मी चहा तसाच ठेवला आणि मुक्याकडे गेलो. तो स्वतःची दोन मापं घेऊन आला. पुढच्या एका चाकाला लावलं, अठरा. दुसऱ्याला, अठरा. मागे एकोणीस. दुसऱ्या मापानं बघितलं, तेच. मुका खाली उकिडवा बसला तो काही वेळ खरोखरच मुका झाला. मग म्हणाला, "काका, ही बिचारी दीड वर्षं चिखलातून गाडी वळवतेय हो."

त्यानं चारी चाकं तीसवर आणली. ती आत झोपलेलीच होती.

"ताईंना सांगायचं ना?"

"मी सांगतो," मी म्हटलं. "सांगण्यात माझा हात कोण धरणार आहे?"

आणि मी सांगितलं नाही.

गुरुवारी घरी आल्यावर तिनं बूट स्वतः काढले. शुक्रवारी जेवताना म्हणाली, "आई, तुमच्या तेलाला गुण आला. गाडी बरी वळतेय." आमच्या हिची कॉलर ताठ झाली. शेजारणीला जाऊन सांगून आली. अशा वेळी मधे बोलून कोण तोंडघशी पडेल? पण खरं कारण तेल नव्हतं. त्या म्यानातली नळी होती. सहा वर्षं जी मुलगी दर रविवारी बापाच्या मापाला कपाळाशी लावल्यासारखी धरते, तिला जाऊन म्हणायचं की तुझ्या बापाचं माप खोटं आहे? गोष्टी सांगणं सोपं असतं. त्या दुसऱ्याच्या असतात, ही घरातली होती.

रविवार आला. तिनं नळी काढली, चाकाला दाबली. "अगं बाई, बेचाळीस! उन्हानं वाढली वाटतं." आणि नखानं टोक दाबून फुस्स हवा सोडायला लागली. मी पायरीवरच होतो. त्या चार चाकांची हवा जाईपर्यंत मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. एक आमच्या गावच्या घोड्याची, नाल ठोकताना ज्यानं नालबंदाचीच टोपी खाल्ली, आणि आणखी दोन. ती हसली. चारी चाकं तीसवर आली. म्हणजे अठरावर.

सोमवारी ती घरी आली तेव्हा तिला गाडीचं दार उजव्या हातानं लावता आलं नाही. चहा झाल्यावर तिनं तो फॉर्म काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, डाव्या हातानं उजव्या मनगटाला धरून सही केली आणि वर पाण्याचा पेला ठेवला, उडू नये म्हणून.

"उद्या सकाळी देऊन टाकते," ती म्हणाली. "नाही होत आता. चार दिवस बरं वाटलं, उगाच आशा लावली."

आमच्या हिनं तेलाची बाटली उचलून आत नेऊन ठेवली.

मी म्हटलं, "सूनबाई, आमच्या शाळेत एक लाकडी पट्टी होती."

"बाबा, आज नको. खरंच नको."

"छोटी आहे. तिचा पहिला इंच मोडला होता. मास्तर तिच्यानंच मोजायचे आणि आम्ही तिच्यानंच मार खायचो. एकदा साहेब तपासणीला आले, फळा मोजला, तो एका इंचानं वाढलेला. मास्तर म्हणाले, साहेब, फळा बरोबर आहे, पट्टीला एक कमी आहे, आम्ही एक वजा करतो, पोरांना पाठ आहे."

"मग?"

"अण्णांची नळी बारा जास्त दाखवते."

मग मी सगळं सांगितलं. टायरचे तळवे, मुका, अठरा, बुधवारची हवा. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मी न वाढवता सांगितली आणि तीच सगळ्यात लांब वाटली.

"रविवारी तुम्ही पायरीवरच होतात," ती म्हणाली.

"हो."

"मी हवा सोडत होते तेव्हा."

"हो."

"आणि तुम्ही मला घोड्याची गोष्ट सांगत होतात."

"टोपी खाल्ली त्याची. हो."

मुलगा म्हणाला, "अहो बाबा, काय हे!" आमच्या हिनं माझ्यासमोरचा कप उचलून नेला, ते जास्त लागलं.

सूनबाई उठली. म्हणाली, "अण्णांचं माप खोटं नसतं." आणि नळी घेऊन बाहेर गेली. अजून उजेड होता. मुलानं मुक्याला बोलावून आणलं. तिनं त्याला गाडीला हात लावू दिला नाही. त्याची दोन्ही मापं मागून घेतली आणि एका चाकापाशी गुडघ्यावर बसून तिन्ही एकामागून एक लावली. अण्णांचं, तीस. मुक्याचं, अठरा. दुसरं, अठरा. दुसऱ्या चाकाला तेच. चौथ्या चाकापर्यंत गेली, तिथेच जमिनीवर बसली.

"ताई, आतली स्प्रिंग ढिली पडते हो," मुका हळूच म्हणाला. "कोणाचा दोष नाही. जुन्या नळ्यांचं असंच."

"रक्तदाबाचं यंत्र मी दर सहा महिन्यांनी तपासून घेते," ती म्हणाली. "साखरेचं दर महिन्याला. लोकांच्या अंगाला लावायचं म्हणून. आणि ही एकदाही नाही." मग त्या पांढऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवून म्हणाली, "बारा जास्त. गेल्यावर पण सवय सोडली नाही अण्णांनी."

आणि हसली. थकलेलं माणूस हसतं तसं, आवाज न करता, खांदे हलवून. उजवा खांदा हलला तशी "आई गं" म्हणाली. मुक्यानं हवा भरली, आणि या वेळी तिनं आकडा स्वतः वाचला.

मंगळवारी सकाळी मी म्हटलं, मी येतो बरोबर. फॉर्म तिच्या पिशवीत होता. कचेरी वाटेत लागते. पहिल्याच कोपऱ्यावर तिनं सवयीनं सीटवरून उठून जोर लावला आणि गाडी थेट पदपथाच्या कडेवर चढली. एक गृहस्थ वर्तमानपत्रासकट उडाले. "काय हो बाई!" तिनं हात जोडले. खाली बसली, परत हात ठेवला, आणि पुढचं वळण तिनं बसूनच घेतलं. त्याच्या पुढचंही. लोणी नव्हे, जुनी गाडी ती, पण गाडीसारखी वळत होती. कचेरी आली. तिनं वेग कमी केला नाही. खांदा मात्र दुखतच होता, ते गिअर बदलताना दिसायचं. डॉक्टर म्हणतात, वर्षाचं दुखणं आठवड्यात जात नाही.

चढावरच्या बोळात गाडी शिरली. पुढे, मागे, पुढे, आणि चौथ्या वेळची गरज पडली नाही. आजी दारातच होती. मला बघून म्हणाली, "हा कोण? पाय बघायला आलाय का?"

"हे माझे सासरे. गोष्टी सांगतात."

"तोंड बंद ठेवलं तर बसू दे."

जखम आता बोटाच्या पेरापेक्षा लहान झाली होती. सूनबाईनं औषधाचं तबक टेबलावर ठेवलं, टेबल डुगडुगलं. गेली दोन वर्षं ते डुगडुगतंय म्हणे. तिनं पिशवीतून तो फॉर्म काढला, चार घड्या केल्या, मग आणखी एक, आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. तबक ठेवून बघितलं. हललं नाही. मग हात धुवून ती कामाला लागली.

संध्याकाळी घरी आलो आणि ती बूट न काढता झोपली. मी नाड्या सोडल्या. थकवा कुठे जातोय? दहा घरं ती दहाच.

रविवारी चहानंतर तिनं म्यानातून नळी काढली. मी म्हटलं, मुका त्याचं एक माप द्यायला तयार आहे. तिनं मान हलवली. "याचंच गणित पाठ करून घेतलंय. बेचाळीस म्हणजे तीस. मुका दर महिन्याला पडताळून बघणार आहे, बाराचे तेरा झाले तर सांगेल." मग पायपंप उचलून माझ्या पायाशी ठेवला. "हे आजपासून तुमच्याकडे. माझा खांदा बरा होईपर्यंत, आणि नंतरही. मागच्या रविवारी खरं न सांगितल्याबद्दल."

माझं वय अठ्ठ्याहत्तर. मी पाय ठेवला. दहा-बारा वेळा दाबल्यावर गुडघा बोलायला लागला. ती वाकली, नळी लावली.

"किती?" मी विचारलं.

"अण्णा म्हणतात चाळीस."

"मग थोडा दम घेऊ. सूनबाई, अण्णांनी एकदा मला सांगितलं होतं, उघड्या बसमधून..."

"गोष्ट नको," ती म्हणाली. "पंप मारा."